पाळीव प्राणी चालणार नाहीत: एका अटीचा जुना इतिहास

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका तरुण कार्यकर्त्याला पुण्याच्या उपनगरातली भाड्याची खोली सोडावी लागली. कारण कागदावर होते. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात एक ओळ असते, 'पाळीव प्राणी ठेवण्यास मनाई'. त्या ओळीवर बोट ठेवून मालकाने आठ दिवसांत खोली रिकामी करायला सांगितली. प्राणी कोणता, तर एक धामण. तीही पाळलेली नव्हे. हा पोरगा सर्पमित्र आहे. रात्री एक वाजता शेजारच्या सोसायटीतून फोन आला, पार्किंगमध्ये साप आहे म्हणून. त्याने जाऊन धामण धरली. त्या वेळी वनविभागाचे कोणी भेटेना, म्हणून कापडी पिशवीत घालून झाकणाच्या बादलीत ठेवली आणि सकाळी नेऊन दिली. मध्ये सहा तास गेले, आणि त्या सहा तासांपायी दोन वर्षांची खोली गेली.

वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूकडे दोन मांजरी आहेत. करार तोच, ओळही तीच.

आमच्यातलेच काही जण म्हणाले, सोडा हो, साप घरात कोण ठेवू देईल? मुद्दा खोटा नाही. आमच्या शेजारच्या खोलीत कुणी साप आणून ठेवला तर आम्हालाही झोप लागणार नाही. शिवाय आपल्याकडचा कोणताही साप घरी पाळणे हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. सर्पमित्रानेही साप धरला की वनविभागाला कळवून लवकरात लवकर सोडायचा असतो. तेव्हा हा लेख साप पाळण्याच्या हक्कासाठी नाही. प्रश्न वेगळा आहे. महिनाभर आधी, चौदा एप्रिलला, या पोराने खोलीच्या दारावर बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर लावली होती. त्यानंतर मालकाने त्याला दोनदा आडनाव विचारले होते. खोली धामणीने घालवली की तसबिरीने? सिद्ध करता येत नाही. आणि सिद्ध करता येत नाही हाच या अटीचा उपयोग आहे.

यासाठी बडोद्याला जावे लागते. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. शिष्यवृत्तीच्या करारामुळे तिथे नोकरी करणे भाग होते. शहरात त्यांना कोणी घर देईना. अखेर एका पारशी धर्मशाळेत दीड रुपया रोजाने, पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत चालते व्हा म्हणाले. हा प्रसंग आपल्यातल्या लहान पोरालाही माहीत आहे. पण त्याच दिवशीचा दुसरा भाग आपण भराभर वाचून पुढे जातो. बाबासाहेब आपल्या दोन मित्रांकडे गेले. हिंदू मित्राने नोकरांचे कारण सांगितले: तुम्ही राहायला आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने बायकोचे कारण सांगितले: ती उद्या येते आहे, तिला विचारावे लागेल. बाबासाहेब कामाठी बागेत काही तास बसून राहिले आणि रात्री नऊच्या गाडीने मुंबईला परतले.

काठ्या घेऊन आलेल्यांनी विटाळाची भाषा उघड वापरली. मित्रांनी ती वापरली नाही. त्यांनी घरातली एक अडचण पुढे केली. काठीवाला आज कायद्याने गुन्हेगार आहे. अडचण सांगणारा मात्र तेव्हाही सभ्य होता, आजही सभ्यच आहे. नोकर, बायको, मग 'फक्त शाकाहारी', मग 'बॅचलर नको', आता 'पाळीव प्राणी नको'.

१९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये कोणत्याही वस्तीत घर घेणे, बांधणे वा राहणे यात अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा म्हटला आहे. हे कलम किती कार्यकर्त्यांनी वाचले आहे? पण त्यातही 'अस्पृश्यतेच्या कारणावरून' हे शब्द आहेत, आणि मालकाच्या कागदावर कारण धामणीचे आहे. संविधानाच्या कलम १५ (२) मध्ये दुकाने, हॉटेले, विहिरी, रस्ते आहेत. खासगी मालकाची भाड्याची खोली नाही. २००५ साली तर सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण सोसायटीला फक्त पारशांनाच सभासद करण्याची मुभा दिली. बडोद्याची धर्मशाळा आणि अहमदाबादची सोसायटी यांत शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर आहे आणि अठ्ठ्याऐंशी वर्षे.

आता सापाकडे येऊ. साप घेऊन राहणारा माणूस या देशात नवा नाही. गारुडी पिढ्यान्‌पिढ्या करंडीत नाग घेऊन फिरला. नागपंचमीला त्याला गल्लीत बोलावले, नागाला दूध दाखवले, पुंगी ऐकली, पसाभर धान्य दिले. संध्याकाळी त्याचे पाल मात्र गावाबाहेर पडले. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाडा' या पुस्तकात अशा फिरस्त्यांवर बरेच लिहिले आहे. लेखकाच्या नजरेत ते कुणब्याच्या डोक्यावरचा बोजा आहेत. गावाचे वतन नाही, म्हणून गावात घर नाही. महाराष्ट्रात गारुडी आज भटक्या जमातींच्या यादीत आहेत.

गारुड्याच्या धंद्यात क्रौर्य होते हेही सांगितले पाहिजे. दात काढणे, तोंड शिवणे, उपाशी ठेवणे. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी हा धंदा बंद केला. २०२२ च्या दुरुस्तीनंतर नाग आणि घोणस पहिल्या अनुसूचीत आहेत. कायदा योग्यच आहे. पण करंडी काढून घेताना त्या हातांना काय दिले? घर दिले नाही, जमीन दिली नाही, सापाविषयीच्या ज्ञानाची किंमतही केली नाही. दुसरीकडे २०२० साली केंद्र सरकारने परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना सहा महिन्यांची सवलत दिली: आपणहून नोंद करा, कागदपत्रे विचारणार नाही. म्हणजे आफ्रिकेतला बॉल पायथन काचेच्या पेटीत ठेवणाऱ्या फ्लॅटवाल्यासाठी एक अर्ज, आणि पुंगीवाल्यासाठी फौजदारी. दोन सापांत फरक आहे, मान्य. एक इथल्या जंगलाचा आहे, दुसरा नाही. पण दोन माणसांना मिळालेल्या वागणुकीत जो फरक आहे तो सापांमुळे आलेला नाही.

करता येत नव्हते असे मात्र नाही. तमिळनाडूत चेन्नईजवळ १९७८ साली इरुला आदिवासींची सापधऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. कातड्याचा व्यापार बंद झाल्यावर उपाशी पडलेले हे लोक. आता ते परवान्याने साप धरतात, काही आठवडे मडक्यात ठेवतात, विष काढतात आणि साप परत सोडतात. सर्पदंशावरची लस बनवायला ते विष लागते. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे मेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यातली बहुसंख्य खेड्यातली. आपलीच माणसे, शेतावर मजुरीला गेलेली.

याच इरुलांपैकी दोघांना, मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल यांना, २०१७ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात बोलावले गेले. तिथल्या दलदलीत ब्रह्मदेशी अजगर बेसुमार वाढले होते, आणि ते आले होते पाळीव सापांच्या बाजारातून. हौसेने घेतलेला अजगर मोठा झाला की सोडून द्यायचा, असे वर्षानुवर्षे चालले. तो धरायला तमिळनाडूच्या वस्तीतून माणसे न्यावी लागली. २०२३ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. चांगली गोष्ट आहे. पद्मश्री घेऊन शहरात खोली शोधायला गेले तर घरमालक आधी काय विचारील, हे आम्ही सांगायला नको.

आपल्या वस्त्यांतली किती पोरे आज सर्पमित्र आहेत ते आजूबाजूला पाहा. पगार नाही, विमा नाही, पेट्रोल स्वतःचे. यांना आमचे सांगणे एवढेच: साप रात्रभर खोलीत ठेवू नका, वनविभागाच्या ठाण्यावर साप ठेवायची सोय मागा, ती लेखी मागा आणि पोच घ्या. करार सही करण्याआधी पूर्ण वाचा. प्राण्यांची ओळ असेल तर वरच्या मजल्यावर काय आहे त्याचा फोटो काढून ठेवा. खोली नाकारली तर कारण मेसेजवर मागा. तोंडी कारण कोर्टात टिकत नाही.

आमच्या पोराला नवी खोली मिळायला सात आठवडे लागले. तेवढे दिवस तो बहिणीकडे होता, पाच माणसांत सहावा. सप्टेंबरमध्ये जुन्या घरमालकाचाच फोन आला. लॅब्रेडॉर भुंकत होता, जिन्याखाली काहीतरी होते. घोणस निघाली. पोरगा गेला, धरली. मालकाने पाचशेची नोट पुढे केली, ती त्याने घेतली नाही. वनविभागाकडे निघताना त्याने एवढेच विचारले, माझे डिपॉझिटचे आठ हजार कधी देता? अजून दिलेले नाहीत.