विलायतेहून परतलेले शब्द

आमच्या शेजारचा मुलगा खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत निवडला गेला. जाण्याआधी त्याने वेगळाच अभ्यास आरंभला. एका जुन्या कॅडेटने त्याला तिथल्या बोलीतल्या शब्दांची यादी दिली होती. ‘रगडा’ म्हणजे अंग मोडून काढणारी शिक्षा. ‘पट्टी परेड’ म्हणजे ठरलेल्या मिनिटांत पुन्हा पुन्हा पोशाख बदलून हजर होणं. आई धास्तावली. म्हणाली, “भाई, ही कुठली भाषा हो?”

“आपलीच, वहिनी,” मी म्हटलं.

पट्टीचंच घ्या. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळायची ही कापडी पट्टी गोऱ्या पलटणींनी इथून उचलली. पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १८, टॉमी तीच पायाला बांधून फ्रान्सच्या चिखलात उभा होता.

तिकडच्या पोरांनाही हा अभ्यास चुकला नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीने १८०९ साली लंडनजवळ अ‍ॅडिसकमला सैनिकी विद्यालय काढलं. तिथे जॉन शेक्सपियर, नाटककार नव्हेत बरं का, हिंदुस्थानी शिकवीत. ही झाली अफसरांची पुस्तकी हिंदुस्थानी. साध्या शिपायाने आपली भाषा बराकीत, बाजारात घडवली. ‘देखो’चं ‘डेको’ केलं, रोटीची ‘रूटी’ केली.

मी मराठीत लिहितो, म्हणून मला अजूनही विचारतात, तुमची खरी भाषा कोणती? अशा वेळी मला ‘विलायत’ आठवते. मूळ शब्द अरबी, अर्थ मुलूख. आपल्याकडे विलायत म्हणजे इंग्लंड झालं. ‘विलायती’चं गोऱ्या शिपायाच्या तोंडी ‘ब्लायटी’ झालं, आणि अर्थ झाला घर! पुढे खंदकात घरी पाठवण्याइतपत जखम झाली, की तिलाही ते ‘ब्लायटी’च म्हणत. आता सांगा, हा शब्द कुणाचा?

आणि आपली नाशिकजवळची देवळाली. मुदत संपलेले गोरे शिपाई तिथल्या छावणीत परतीच्या जहाजाची वाट पाहत. महिने जात. काम नाही, ऊन, दारू, आजार. काहींचं डोकं फिरे. त्यावरून इंग्रजीत वेडसराला ‘डूलाली टॅप’ म्हणू लागले. डूलाली म्हणजे देवळाली, टॅप म्हणजे आपला ताप.

यादी पाठ करून मुलगा गेला. पुढे त्याचा फोन आला. “चाचा, अर्थ आठवायला वेळच नसतो. शब्द कानावर पडला, की पाय पळतात.”

वहिनींनी माझ्या हातून फोन ओढून घेतला. “ताप-बीप नाही ना रे आला?”