गोव्यातील लोकशासन व जनमत कौल

पोर्तुगीजांची सुमारे साडेचारशे वर्षांची सत्ता १९ डिसेंबर १९६१ रोजी संपुष्टात आली आणि गोवा, दमण व दीव हा भारतीय संघराज्यातील केंद्रशासित प्रदेश झाला. आरंभीचा अल्पकाळ मेजर जनरल के. पी. कँडेथ हे लष्करी राज्यपाल होते. जून १९६२ मध्ये मुलकी प्रशासन सुरू होऊन नायब राज्यपालांची नेमणूक झाली.

पोर्तुगीज अंमलात प्रौढ मताधिकार नव्हता. जुन्या काबिजादीतील तिसवाडी, बारदेश, सासष्टी व मुरगाव हे तालुके सोळाव्या शतकापासून परकी सत्तेखाली होते. पेडणे, सत्तरी, फोंडा, काणकोण इ. नव्या काबिजादीचे प्रदेश अठराव्या शतकात तीत सामील झाले. या दोन भागांतील धर्म, जमीनधारणा व शिक्षण यांतील अंतर पुढील काळातील मतदानातही उमटले.

पहिली विधानसभा निवडणूक डिसेंबर १९६३ मध्ये झाली. तीस जागांपैकी अठ्ठावीस गोव्याच्या आणि दमण व दीव यांची प्रत्येकी एक होती. महाराष्ट्रात विलीनीकरण व कुळांचे हित ही भूमिका घेणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर येऊन दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. जॅक सिक्वेरा यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड गोवन्स पक्षास बारा जागा मिळाल्या. काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही, ही गोष्ट त्या काळी अनपेक्षित ठरली.

निवडून आलेले बहुमत हाच विलीनीकरणाचा कौल, असे सत्ताधारी पक्षाचे प्रतिपादन होते. विरोधकांच्या मते पक्षाला दिलेले मत आणि प्रदेशाच्या भवितव्याविषयीचे मत या भिन्न बाबी होत्या. अखेरीस संसदेने १९६६ मध्ये जनमत कौलाचा कायदा केला. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणाचे चिन्ह फूल, तर केंद्रशासित प्रदेश राहण्याचे चिन्ह दोन पाने होते. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० व विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. म्हणजे ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरण नाकारले गेले.

या निर्णयाची केवळ धर्मनिहाय उपपत्ती अपुरी आहे. त्याच वर्षीच्या मार्चमधील निवडणुकीत मतदारांनी बांदोडकरांच्याच पक्षाला पुन्हा सत्ता दिली. याचा अर्थ त्यांच्या काही अनुयायांनी कुळकायद्यासाठी त्यांना पाठिंबा दिला, परंतु विलीनीकरण मान्य केले नाही, असाच लावावा लागतो. विलीनीकरणाविरुद्धचा एक प्रभावी प्रचार मडगावच्या राष्ट्रमत या मराठी दैनिकातून झाला, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. मराठी वाचणे आणि महाराष्ट्रात जाणे यांत गोमंतकीयांनी भेद केला.

कुळांविषयीचा कायदा १९६४ मध्ये झाला होता. मुंडकारांना बेदखलीपासून संरक्षण देणारा कायदा १९७५ मध्ये झाला. बांदोडकरांचे १९७३ मध्ये निधन झाल्यावर त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. १९८० मध्ये प्रतापसिंह राणे यांच्याकडे नेतृत्व आले.

जनमत कौलाने राज्याचा दर्जा मिळाला नाही. विकल्पांत त्याचा समावेशच नव्हता. त्यासाठी वीस वर्षे थांबावे लागले. मधल्या काळात भाषेचा प्रश्न तीव्र झाला. फेब्रुवारी १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोंकणीस राजभाषेचे स्थान दिले व शासकीय कामकाजात मराठीच्या वापरासही वाव ठेवला. ३० मे १९८७ रोजी गोवा भारताचे पंचविसावे राज्य झाले, तर दमण व दीव हा वेगळा केंद्रशासित प्रदेश राहिला.

राज्यनिर्मितीबरोबर उत्तर व दक्षिण गोवा असे दोन जिल्हे झाले. त्यांची मुख्यालये अनुक्रमे पणजी व मडगाव येथे ठेवण्यात आली. विधानसभेची सदस्यसंख्या चाळीस झाली आणि या वाढीव संख्येनुसार पहिली निवडणूक १९८९ मध्ये झाली. मुळच्या अकरा तालुक्यांत पुढे धारबांदोडा या बाराव्या तालुक्याची भर पडली.