रंगपटातील आरसा

रंगभूषेची विद्या शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास दोन निरनिराळ्या गोष्टी आत्मसात कराव्या लागतात. पहिली कारागिरीची. नटाच्या चेहऱ्याचा ठसा घ्यावयाचा, त्यावरून प्लास्टरची प्रतिकृती करावयाची, तीवर मातीने नवे नाक, लोंबती हनुवटी वा वार्धक्याच्या सुरकुत्या घडवावयाच्या, त्यांचा साचा काढून त्यात फेसाळ रबर अथवा सिलिकोन ओतावयाचे आणि तयार झालेला तुकडा कातडीवर असा चिकटवावयाचा की सांधा दिसू नये. १९३९ सालच्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ या अमेरिकन बोलपटात फेसाळ रबराचा असा उपयोग झालेला आढळतो. दुसरी गोष्ट इतिहासाची. कोणत्या काळी कोणता चेहरा सुंदर मानला गेला, आणि तो तसा कोणी ठरविला, हे जाणल्यावाचून चिकटविलेले नाक निव्वळ रबरच राहते.

महाराष्ट्रात हा इतिहास पाहू जाता प्रथमच एक विलक्षण प्रकार नजरेस पडतो. विसाव्या शतकाच्या आरंभी येथील स्त्रीसौंदर्याचा सर्वांत प्रभावी नमुना एका पुरुषाने सिद्ध केला. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. १९११ साली ‘मानापमाना’तील भामिनी आणि १९१६ साली ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी त्यांनी रंगविली. त्यांची नेसण्याची ढब, पदर घेण्याची तऱ्हा, केशरचना, फुले व अलंकार यांचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करू लागल्या. १९१९ साली ‘एकच प्याल्या’तील सिंधूच्या भूमिकेत हेच सौंदर्य दारिद्र्यात, जात्यापाशी बसलेले दिसले, आणि प्रेक्षक हेलावले.

ज्या स्त्रियांनी हे रूप आदर्श मानले त्यांना मात्र रंगमंचावर पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. १९१३ साली दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटातील तारामतीचे कामदेखील अण्णा साळुंके या पुरुषाने केले. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’ चित्रात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकींनी काम करून हा प्रघात मोडला. पुढे १९३३ साली नाट्यमन्वंतर संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे रंगभूमीवर आल्या. स्त्रीचे रूप स्त्रीच्या हाती यावयास इतका काळ लागला.

रूप ठरविणारी आणखी एक शक्ती म्हणजे उजेड. मंद दिव्यांच्या रंगमंचावर भुवया व ओठ ठळक रंगविल्यावाचून मागल्या रांगेस ते दिसत नसत. मूकपटाच्या आरंभीच्या फिल्मला तांबडा रंग काळा दिसे. म्हणून ओठांची लाली बेताने लावावी लागे. कृष्णधवल बोलपटात वर्णापेक्षा छायेस महत्त्व आले आणि रंगीत चित्रपटाने पुन्हा सर्व हिशेब बदलले. ज्यास लोक त्या त्या काळची ‘फॅशन’ म्हणतात तिचा काही भाग अशा रीतीने यंत्राच्या सोयीतून जन्मला आहे.

पण सारेच यंत्राच्या माथी मारता येत नाही; नीतीच्या कल्पनाही चेहऱ्यावर चढतात. याचे उत्तम उदाहरण सोलापूरने दिले आहे. १९३२ साली या गिरणगावात जन्मलेल्या अभिनेत्री शशिकला यांनी ‘आरती’ (१९६२) व ‘गुमराह’ (१९६३) या हिंदी चित्रपटांतील भूमिकांसाठी फिल्मफेअर पारितोषिके मिळविली. त्या काळच्या हिंदी पडद्यावर नायिकेस साडी व कुंकू, तर खलनायिकेस विलायती पोषाख व लांबवर ओढलेली डोळ्यांची रेघ, अशी वाटणी बहुधा ठरलेली असे. देखणेपण दोघींच्या ठायी असे. परंतु एकीचे ते भूषण ठरे व दुसरीचे दूषण. पुढे तीच रेघ आणि तेच आखूड केस सुशिक्षित घरांतून निःशंकपणे वावरू लागले. दोष रेघेत नव्हता, पाहणाऱ्याच्या दृष्टीत होता, हे तेव्हा उघड झाले.

सोलापूरच्याच ‘नाट्य आराधना’ या हौशी संस्थेतून पुढे आलेले अतुल कुलकर्णी यांनी २०१० सालच्या ‘नटरंग’ चित्रपटात हीच कहाणी उलट बाजूने दाखविली. पहिलवानी देहाचा गुणा तमाशात नाच्या होतो, तेव्हा नटाने आपले शरीरच उतरविले. कोणताही चिकटविलेला तुकडा ते काम करू शकला नसता. त्या बायकी हावभावांपायी गुणाच्या वाट्यास कुचेष्टा व छळ येतो. एका काळी ज्या सोंगाने बालगंधर्वांस राजवैभव दिले, त्याच सोंगाने एका गरीब मजुरास समाजाबाहेर लोटले.

२०११ साली ‘बालगंधर्व’ हा चित्रपट निघाला. त्यात सुबोध भावे यांना आधी बालगंधर्व बनावयाचे होते आणि मग बालगंधर्वांची भामिनी. एका चेहऱ्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा चढविण्याचे हे काम विक्रम गायकवाड यांनी केले, व त्यांस राष्ट्रीय पुरस्कार लाभला. २०२५ साली गायकवाड निवर्तले. रंगभूषाकाराची विद्या बहुतांशी त्याच्या बोटांत असते. ती ग्रंथात क्वचितच उतरते.

म्हणूनच नव्या विद्यार्थ्यावर मोठी जबाबदारी आहे. जुन्या दशकाचा चेहरा उभा करताना त्याने भुवईची जाडी तर मोजावीच. पण ती भुवई कोणाच्या इच्छेने कोरली गेली, तिची किंमत कोणी मोजली, हेही विचारावे. तसे न केल्यास तो केवळ मुखवटे करील. चेहरे त्याच्या हातून घडणार नाहीत.