साडेबारा टक्क्यांची कुळकथा

द्रोणागिरीत घर शोधायला आलेल्या माणसाला स्टेशन किती लांब, दर काय, याच्या बरोबरीने एक आकडा ऐकू येतो. हा प्लॉट साडेबाराचा आहे, असे एजंट सांगतो. कशाचे साडेबारा, हे खरेदीदार सहसा विचारत नाही. त्याला किमतीत काय फरक पडतो तेवढे कळले की पुरते. नवघर, पागोटे, बोकडविरा, फुंडे या आजूबाजूच्या गावांत मात्र हा आकडा घरोघरचा आहे. भावाभावांतल्या वाटण्या त्यावरून अडतात. माहेरी आलेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्र त्याच्यासाठी ठेवले जाते. आणि 'आमची फाईल अजून सिडकोत आहे' या वाक्यातली फाईल कोणती, हे इथे कुणालाच समजावून सांगावे लागत नाही.

हिशेब साधा आहे. एक एकर म्हणजे ४० गुंठे जमीन सरकारने घेतली, तर तिचा आठवा हिस्सा, म्हणजे ५ गुंठे, रस्ता-पाणी-गटारांसह विकसित करून मूळ मालकाला परत द्यायचा. त्यातले ३० टक्के शाळा, मैदाने अशा सामाजिक सोयींसाठी कापून घेतात, म्हणजे हातात साडेतीन गुंठे येतात. टक्क्यांत सांगायचे तर पावणेनऊ. तेही सिडकोच्या ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. सातबाऱ्यावर मालक म्हणून नाव असलेला शेतकरी आपल्याच गावात पट्टेदार होतो. तरीही गुंठ्यांचा हा तुकडा मिळवण्यासाठी पाच माणसे गेली, आणि पुढे देशभरच्या भूसंपादनाच्या चर्चेत ज्या कल्पनेला स्थान मिळाले ती इथे रस्त्यावर मांडली गेली होती.

द्रोणागिरी आणि ही गावे ज्या उरण तालुक्यात येतात तिथली जमीन कागदावर फारशी मोलाची नव्हती. खाडीला बांध घालून, उघाड्या म्हणजे पाण्याची दारे बसवून, भरतीचे पाणी अडवून पिढ्यान्‌पिढ्या राखलेली ही खारबंदिस्तीची शेती. वर्षाला भाताचे एक पीक, खाचरात जिताडा, पलीकडे मिठागरे. मोबदला ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या तक्त्यात ती एकपिकी जमीन. बांध दरवर्षी कुणी घातला, फुटल्यावर रात्री कोण धावले, याला त्या तक्त्यात रकाना नव्हता.

शिवाय ती जमीन आगरी कुळांच्या नावावर येऊन फार काळ झालेला नव्हता. खोतांच्या खंडाविरुद्ध शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ पासून संप केला. तो १९३९ पर्यंत चालला. इतकी वर्षे जमीन पडीक ठेवून उपाशी राहणारा संप देशात दुसरा सांगणे अवघड आहे. त्या लढ्याच्या धगीतून पुढे १९४८ चा कूळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ ला कसणारा कूळ कायद्याने मालक मानला गेला. नवी मुंबई उभारणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० ची. म्हणजे मालकी हाती आल्याला पुरती तेरा वर्षेही झाली नव्हती, तोच ती काढून घेण्याची अधिसूचना आली. नवी मुंबईच्या कौतुकाच्या लेखनात हे तेरा वर्षांचे अंतर मला क्वचितच भेटते.

त्या लेखनात भेटतात ते चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल. १९६५ साली त्यांनी मांडले की मुंबई उत्तरेकडे लांबत जाण्याऐवजी खाडीपलीकडे नवे शहर उभारावे. कल्पना मोठी होती आणि तिचे अर्थकारणही हुशारीचे: जमीन एकगठ्ठा, आजच्या शेतीच्या भावाने घ्यायची, तिच्यावर रस्ते-पूल उभारायचे, वाढलेल्या भावाने विकायची आणि त्या नफ्यातून पुढचे शहर बांधायचे. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावे आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश या आखणीत आला. जमीन घ्यायची ती १८९४ च्या इंग्रजी कायद्याने. 'सार्वजनिक प्रयोजन' एवढे दोन शब्द लिहिले की त्या कायद्यापुढे मालकाने वाद घालायचा तो फक्त भावाचा. वाढीव किमतीत मालकाचा वाटा असावा, असे त्याला मान्यच नव्हते.

दुसरी वाट माहीत नव्हती, अशातली गोष्ट नाही. मुंबई इलाख्यात १९१५ पासून नगररचनेचा कायदा होता. त्यात मालकांच्या जमिनी एकत्र करून रस्ते आखायचे आणि प्रत्येकाला आकाराने लहान पण किमतीने मोठा भूखंड परत द्यायचा, ही रीत होती. ती शहराच्या कडेच्या जमीनमालकांसाठी वापरली गेली. खारेपाटातल्या आगऱ्यासाठी नाही. धरणग्रस्तांसाठी महाराष्ट्राने १९७६ साली पुनर्वसनाचा कायदा केला, देशातला तसा पहिला. त्यामागे १९२१ च्या मुळशी सत्याग्रहापासूनची जखम होती. पण धरणाखाली घर बुडते, ते डोळ्यांना दिसते. शहराखाली शेत बुडाले आणि गाव मात्र जागेवर राहिले, तर त्या गावकऱ्याला विस्थापित म्हणायचे की नाही हेच कुणी ठरवले नव्हते. सिडकोने गावठाणे सोडली आणि शेते घेतली. माणसे आपल्याच घरात बसून प्रकल्पग्रस्त झाली.

इथे दि. बा. पाटील येतात. १९२६ साली जासईत जन्म, शिक्षणाने वकील, शेतकरी कामगार पक्षाचे आमदार, खासदार, विधानसभेत विरोधी पक्षनेते. जमीन देणारच नाही, ही भूमिका रेटत राहिले असते तर ते टाळ्यांचे धनी झाले असते आणि जमिनी तरीही गेल्या असत्या. त्यांनी मागणीचा रोख वळवला. योग्य मोबदला तर हवाच, पण शहरातून जो फायदा होईल त्यात शेतकऱ्याचा जमिनीच्या रूपाने हिस्सा हवा. वकिलाच्या डोक्याने ही मागणी पाहिली तर तिचे टोक लक्षात येते. भाव कितीही वाढवून दिला तरी व्यवहार एकदाच होतो. हिस्सा मागितला की १८९४ च्या कायद्याचा पायाच हलतो.

१९८४ च्या जानेवारीत न्हावा-शेवा बंदरासाठी जमिनीचा ताबा घेण्याची वेळ आली. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील. १६ जानेवारीला दास्तान फाट्यावर जमलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला; चिर्ल्याचे नामदेव शंकर घरत आणि धुतूमचे रघुनाथ अर्जुन ठाकूर गेले. दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला, नवघर फाट्यावर पुन्हा गोळ्या चालल्या. तिथे पागोट्याचे महादेव हिरा पाटील, केशव महादेव पाटील आणि कमलाकर कृष्णा तांडेल पडले. याच तालुक्यात २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर इंग्रजांच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या होत्या. चौपन्न वर्षांनी पोलीस स्वराज्याचे होते. जासईला आणि पागोट्याला दरवर्षी त्या दोन तारखांना माणसे हुतात्म्यांना वंदन करायला जमतात.

गोळीबारानंतर सरकार हलले, पण सरकारी चालीने. साडेबारा टक्के योजनेचा शासननिर्णय निघाला ६ मार्च १९९० ला, आणि २८ ऑक्टोबर १९९४ च्या निर्णयाने ती विस्तारून लागू झाली. फाट्यावर रक्त सांडल्यापासून कागदावर शाई उमटेपर्यंत सहा वर्षे गेली होती.

आता जरा दूर, वॉशिंग्टनकडे पाहू. कारण न्हावा-शेवा हे बंदर जागतिक बँकेच्या कर्जातून उभे राहिले. बँकेने त्यासाठी २५ कोटी डॉलर मंजूर केले, तेही त्याच १९८४ साली. मजेची गोष्ट अशी की सक्तीच्या विस्थापनाविषयी लेखी धोरण करणारी जागतिक बँक ही पहिली आंतरराष्ट्रीय संस्था. ते धोरण फेब्रुवारी १९८० चे. आपल्या पैशाने होणाऱ्या प्रकल्पामुळे ज्यांचे घरदार आणि उपजीविका जाते त्यांना निदान पूर्वीच्या स्थितीला आणून सोडले पाहिजे, असा त्याचा गाभा. नियम होता, सावकार तोच होता, आणि तरी दास्तान फाट्यावर त्याचा काही उपयोग झाला नाही. शेतकऱ्यांना त्याची खबरही असण्याचे कारण नव्हते.

त्या नियमाला धार आली ती नर्मदेच्या काठी. सरदार सरोवरासाठी बँकेने १९८५ साली ४५ कोटी डॉलरचे कर्ज दिले. त्या जलाशयामुळे महाराष्ट्रात तेव्हाच्या धुळे, आताच्या नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावे बाधित होत होती. मणिबेलीच्या आदिवासींनी गाव सोडायला नकार दिला, आंदोलनाने बँकेचेच धोरण बँकेपुढे ठेवले, आणि बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली. १९९२ च्या तिच्या अहवालाने पुनर्वसनाचे वाभाडे काढले. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नाकारले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाधितांना थेट दाद मागता यावी म्हणून बँकेने तपासणी मंडळ स्थापले. मधल्या काळात, ४ डिसेंबर १९८६ ला, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने विकासाच्या हक्काचा जाहीरनामा मंजूर केला होता. विकासाच्या फळांत माणसाला न्याय्य वाटा हवा, असे त्यात म्हटले आहे. विरोधात एकच मत पडले, अमेरिकेचे. जासईच्या वकिलाने हीच गोष्ट अगोदर सांगितली होती, आणि तिला टक्केवारी जोडली होती. जाहीरनाम्यात ती नाही.

टक्केवारीला एक गुण असतो, तिच्यावर घासाघीस करता येते. नवी मुंबई विमानतळाच्या वेळी, २०१३ मध्ये, रोख मोबदल्याऐवजी साडेबावीस टक्के विकसित जमिनीचे पॅकेज ठरले. त्याच वर्षी संसदेने १८९४ चा कायदा मोडीत काढून नवा भूसंपादन कायदा केला. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, नागरीकरणासाठी जमीन घेतल्यास विकसित जमिनीपैकी वीस टक्के बाधित मालकांसाठी राखून ठेवावी असे कलम आहे. या कलमाचे बाकीचेही पूर्वज असतील. पण उरणचा चेहरा त्यात ओळखू येतो.

खुद्द बंदरग्रस्तांचे काय झाले? बंदर २६ मे १९८९ ला सुरू झाले. पण ते केंद्र सरकारचे, आणि साडेबारा टक्के राज्याचे. ज्या बंदरापायी गोळीबार झाला त्याच्याच शेतकऱ्यांना योजना लागू नाही, असा न्याय बरीच वर्षे चालला. १६ ऑगस्ट २०१४ ला पंतप्रधानांच्या हस्ते काहींना इरादापत्रे मिळाली, तेव्हा गोळीबाराला तीस वर्षे उलटली होती. निवाड्यात ज्यांची नावे होती त्यांतले कितीतरी तोवर वारस दाखल्यात गेले होते. द्रोणागिरीत तर भूखंड मिळाल्यावरही तो खारफुटीत किंवा सागरी नियमनाच्या पट्ट्यात निघायचा, भरतीचे पाणी आत यायचे. ज्या समुद्राला बापजाद्यांनी उघाडी लावून बाहेर ठेवले होते तो मोबदल्याच्या जमिनीत परत आला. थांबायला ज्यांना परवडत नव्हते त्यांनी भूखंड पडण्याआधीच हक्क विकून टाकला, त्रिपक्षीय करारावर सह्या झाल्या, आणि फाईल बिल्डरच्या कपाटात गेली. याला कुणी शेतकऱ्याची उधळपट्टी म्हणतो तेव्हा मला राग येतो. पंधरा-वीस वर्षे न मिळणाऱ्या वस्तूची किंमत बाजार जी ठरवतो तीच त्याला मिळाली.

पण या कुळकथेत एक मोठे भगदाड आहे, आणि ते दिबांच्या अनुयायांनीही फारसे बुजवलेले नाही. साडेबारा टक्के कशाचे, तर सातबाऱ्यावरच्या जमिनीचे. कोळ्याची मिळकत खाडीत. बंदरासाठी मूळ शेवा गाव उठवले गेले, तेव्हा शेतकरी नवीन शेव्यात गेले आणि कोळी कुटुंबे उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात. जागा अपुरी, आणि तिथे वाळवी निघाली. घरांचे वासे, दारे, भिंती पोखरल्या गेल्या. पुनर्वसन झालेल्या गावाचे पुन्हा पुनर्वसन करा, ही त्या वस्तीची मागणी दशके चालली आहे. २७ फेब्रुवारी २०१५ ला राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने पारंपरिक मच्छीमारांच्या अर्जावर १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ती बंदर, ओएनजीसी आणि सिडको यांनी मिळून भरायची होती. भराव आणि खोदाईने मासेमारीची जागा गेली, भरतीची वाट अडली, हे नुकसान आकड्यात मांडले गेले. पण तो रकमेचा आकडा होता, हिश्श्याचा नव्हता.

मग शिवडीहून चिर्ल्यापर्यंत अटल सेतू आला. तो १२ जानेवारी २०२४ ला खुला झाला, आणि त्याच दिवशी द्रोणागिरी स्टेशनमार्गे उरणची लोकलही धावू लागली. सेतूला कर्ज जपानच्या जायका या संस्थेचे. तिच्या सामाजिक मार्गदर्शक तत्त्वांमुळे बाधित मच्छीमारांची पाहणी करावी लागली आणि त्यांच्यासाठी भरपाईचे धोरण करावे लागले. परकी सावकारांविषयी मी फारसा भाविक नाही; १९८४ साली त्यांचा नियम कागदातच राहिला हे वर सांगितलेच. तरी मान्य करावे लागते की फाट्यावर जिंकलेल्या सूत्राने ज्याला कधी मोजले नाही त्या कोळ्याला या वेळी मोजायला लावले ते टोकियोच्या अटीने. स्थानिक लढ्याने मालक पाहिला, बाहेरच्या कर्जाच्या अटीने उपजीविका पाहिली. दोन्ही एका कागदावर आणणारा नियम अजून झालेला नाही.

आता उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांवर तिसऱ्या मुंबईची आखणी आली आहे. तिथल्या शेतकऱ्यापाशी निदान मागायला एक आकडा आहे. मिठागरात रोजाने मीठ ओढून ज्याचा संसार चालला, ज्याच्या नावे ना गुंठा आहे ना होडी, त्याच्यासाठी टक्केवारी कशाची काढायची, हे मागण्यांच्या यादीत कुणी लिहिलेले मला अजून दिसलेले नाही.