मराठीतील पशुप्रजननाची परिभाषा : एक ऐतिहासिक विचार

अर्थजीवनाचा इतिहास लिहिताना अभ्यासकाची दृष्टी प्रथम नाणी, दानपत्रे व जमीनमहसूल यांकडे वळते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु ज्या समाजाची शेती बैलावर आणि बैलाची पैदास गाईच्या वेतावर अवलंबून होती, त्या समाजात गोठ्यातील शब्ददेखील इतिहासाचे साधन ठरतात. प्रस्तुत लेखात मुख्यतः गाईच्या प्रजननाशी निगडित अशा शब्दांचा विचार केला आहे. हे शब्द म्हणजे जनावरांची नुसती नावे नव्हेत. जनावराचे वय, त्याची प्रजननावस्था व त्यापासून अपेक्षित असलेले उत्पन्न यांची ती नोंद होय, हे त्यावरून दिसून येईल.

या नोंदीची परंपरा फार जुनी आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत गृष्टि, धेनु, वशा, वेहत् व बष्कयणी हे शब्द एकाच सूत्रात आले आहेत. गृष्टि म्हणजे एकदाच व्यालेली, धेनु म्हणजे नुकतीच व्यालेली, वशा म्हणजे वांझ, वेहत् म्हणजे गर्भ न टिकणारी आणि बष्कयणी म्हणजे व्याल्यास बरेच दिवस लोटलेली गाय. गर्भधारणेचा काळ आलेल्या मादीस ‘उपसर्या’ आणि वर्षागणिक विणाऱ्या गाईस ‘समांसमीना’ अशी स्वतंत्र पदे त्याने सिद्ध करून दाखविली आहेत. व्याकरणकाराला ज्या भेदांची दखल घ्यावी लागली, ते भेद बोलणाऱ्यांच्या व्यवहारात रुळलेले असले पाहिजेत. पुढे ‘धेनु’ शब्दाचा अर्थ पसरट होऊन तो गाय या सामान्य अर्थाने रूढ झाला. म्हणून प्राचीन ग्रंथात धेनूचे दान सांगितले असता तेथे कोणतीही गाय अभिप्रेत आहे की वासरासह दुभती गाय, हा प्रश्न वाचकाने स्वतःस विचारावयास हवा. दोहोंच्या मोलात मोठे अंतर आहे.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील गोध्यक्षाचे प्रकरण या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. तेथे नराची वर्गवारी वत्स, वत्सतर, दम्य, वहिन्, वृष व उक्षन् अशी, तर मादीची वत्सिका, वत्सतरी, पष्ठौही, गर्भिणी, धेनु, अप्रजाता व वन्ध्या अशी केली आहे. नराची श्रेणी बव्हंशी कामावरून ठरते, मादीची प्रजननावरून. शंभर गाईम्हशींच्या कळपात चार वळू असावेत, असे प्रमाणही तेथे घालून दिले आहे. त्याहून लक्षणीय गोष्ट ही, की अद्याप न व्यालेली ‘अप्रजाता’ आणि कधीच न विणारी ‘वन्ध्या’ यांची गणना वेगवेगळी केलेली आहे. एकीची वाट पाहावयाची असते; दुसरीची पाहून उपयोग नसतो.

मराठीने यातील काही शब्द वारशाने घेतले. ‘वासरू’ हे वत्सरूपापासून, ‘गाभण’ हे गर्भिणीपासून आणि ‘विणे’ हे वि-जन् या धातूच्या ‘विजायते’ या रूपापासून आले. संस्कृतात गर्भिणी हा शब्द स्त्री व पशू या दोघांनाही लागू होता; मराठीने मात्र स्त्रीला गरोदर वा गर्भार आणि जनावराला गाभण असा भेद केला. जेथे शब्द टिकला नाही, तेथेही वर्ग टिकला. गृष्टीची जागा पहिलारू गाईने घेतली. उपसर्येस आपण ‘माजावर आलेली’ म्हणतो. वेहत् गेली, परंतु ‘गाय गाभडली’ हा प्रयोग राहिला. वळू दाखवल्यावर गर्भ राहिला तर गाय ‘फळली’, आणि सुमारे एकवीस दिवसांनी पुन्हा माज आला तर ती ‘उलटली’. म्हशीचा बाह्य लक्षणे न दाखविणारा माज तो ‘मुका माज’. ही निरीक्षणे पशुवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकातून आलेली नाहीत.

या परिभाषेत सर्वांत अधिक गैरसमज ‘भाकड’ या शब्दाविषयी आढळतो. ‘भाकडकथा’ या समासामुळे भाकड म्हणजे निरर्थक, निरुपयोगी असा समज दृढ झाला आहे. वस्तुतः भाकड म्हणजे दूध आटलेली. ती एक अवस्था आहे, स्वभाव नव्हे. गाईचा गर्भकाल सुमारे २८० दिवसांचा असतो आणि त्यातील अखेरचे सुमारे दोन महिने तिला दुधापासून विश्रांती देणे इष्ट मानले जाते. त्या काळात ती भाकडही असते आणि गाभणही. वांझ गाय मात्र सर्वस्वी निराळी. भाकड व वांझ हे शब्द समानार्थी मानून जो लिहितो, तो पुढील वेताचे भांडवलच हिशेबातून वगळतो.

नराच्या बाबतीत वासरू, गोऱ्हा, खोंड, बैल हा क्रम कामाकडे जातो. बैल करण्यासाठी त्यास बडवीत अथवा खच्ची करीत; यातील दुसऱ्या शब्दाचे नाते अरबी-फारसी ‘खसी’शी आहे. प्रजननासाठी राखला तो वळू, आणि देवाच्या नावाने मोकळा सोडलेला तो पोळ. वळू निवडण्याचा हा अधिकार परंपरेने गावाचा व धर्माचारांचा होता. मुंबई पशुधन सुधारणा अधिनियम, १९३३ याने त्यात शासनास आणले. अधिसूचित क्षेत्रात वळू बाळगण्यास परवाना आवश्यक ठरला व अयोग्य नर खच्ची करविण्याची तरतूद झाली. १९३९ मध्ये म्हैसूर येथे भारतातील कृत्रिम रेतनाचा आरंभ झाला. १९४२ पासून इज्जतनगरच्या संस्थेत त्याचे पद्धतशीर प्रयोग सुरू झाले. पुढे १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे स्थापिलेल्या संस्थेने संकरित पैदाशीसाठी हे तंत्र गोठ्यापर्यंत नेले. शंभर गाईंस चार वळू हे प्रमाण तेथे अर्थहीन झाले. ‘रेतन’, ‘संकर’, ‘गोठित रेत’ हे नवे शब्द आले, आणि अनेक गावांतून वळूबरोबर त्याच्या निवडीविषयीचे बोलणेही मागे पडले.

नव्या शब्दांविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. नव्या क्रियेस नवे नाव लागतेच. विचार करावयाचा तो गणनेचा. १९१९-२० पासून होत आलेल्या पशुगणनेच्या अलीकडील तक्त्यांत प्रौढ गाईची विभागणी दुधात, भाकड, एकदाही न व्यालेली व इतर अशी आढळते. यात वांझ गाईस स्वतंत्र रकाना नाही. ती कधी न व्यालेल्यांत, कधी भाकडांत, तर कधी ‘इतर’ या सदरात मिसळते. कौटिल्याच्या यादीने जो भेद राखला आणि शेतकऱ्याची बोली आजही जो राखते, तो तक्त्यात लोपला आहे. भाकड जनावरांच्या संख्येवरून अनुत्पादक पशुधनाचे अनुमान काढणाऱ्या अभ्यासकाने हे ध्यानी ठेवावयास हवे. त्या आकड्यामागील किती गाई गाभण आहेत, याचे उत्तर रकान्यात नाही; ते गोठ्यात, तेथील शब्दांनीच विचारावे लागेल.