लेटोलीची ओली राख

साल विचारू नका; मोजणारं कुणी अजून जन्मलेलंच नाही. तुम्ही आहात टांझानियाच्या उत्तरेला, लेटोलीला, पण 36 लाख वर्षांहून मागे. ज्या न्गोरोंगोरोच्या विवरातले सिंह बघायला तुम्ही विमानाचं तिकीट काढलंत, ते विवर अजून व्हायचंय.

ज्वालामुखीनं राख ओकली आहे आणि तिच्यावर नुकतीच एक सर पडून गेली आहे. थेंबांचे बारीक खळगे अजून शाबूत आहेत. वाकून बोट लावा. ओल्या सिमेंटसारखी लागते ना? वाळली की ती घट्टही तशीच बसणार, कारण तिच्यात कार्बोनेट भरपूर आहे.

वर्दळ बरीच दिसते. गिनी कोंबड्या, ससे, जिराफ, हत्ती, तीन बोटांचा घोडा, सगळे इथून गेलेत. आणि आता दोन पायांवर चालणारे ते तिघं बघा, उत्तरेकडे निघालेले. उंची बेताची, चेहरा वानराचा, हातात काही नाही. दगडाची हत्यारं यायला अजून लाखो वर्षं आहेत. नजर मात्र पायांवर ठेवा. आधी टाच टेकते, मग वजन पुढे सरकतं, शेवटी अंगठा जमीन मागे रेटतो. हा अंगठा वानरासारखा बाजूला फाकलेला नाही. तिघांतला एक तर पुढच्याच्या ठशात नेमका पाय टाकत चाललाय. चित्रकार यांना आई, बाप आणि मूल करून टाकतात. मला ती घाई वाटते. नातं राखेत उमटत नाही.

आता 1976 मध्ये या. याच माळावर काही शास्त्रज्ञ एकमेकांना हत्तीची वाळकी लीद फेकून मारताहेत. ती चुकवताना त्यांच्यातले अँड्र्यू हिल खाली पडतात आणि नाकासमोर त्यांना थेंबांचे खळगे नि जनावरांचे ठसे दिसतात. दोन वर्षांनी पुरामानवशास्त्रज्ञ मेरी लीकी यांच्या चमूला त्या तिघांचा माग सापडला, सुमारे 27 मीटर लांब.

तो आज तुम्हाला दिसणार नाही. बाभळीची मुळं ठसे फोडू लागली, म्हणून माग पुन्हा मातीखाली झाकून टाकला. चांगलं केलं. त्याची प्रतिकृती ओल्डुवाई घळीच्या संग्रहालयात आहे. न्गोरोंगोरोहून सेरेंगेटीला जाताना तिकडचा फाटा लागतो. बहुतेक गाड्या तो सोडून सिंहांकडे पळतात. तुम्ही ड्रायव्हरला तिथे वळायला सांगा.