होडीची गळती : कोणत्या फटीला कोणतं सीलंट?

रत्नागिरी : १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, वर झावळ्या नाहीतर प्लास्टिक. डागडुजीचे दिवस हेच. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन आपण म्हणतो, "फट भरायची नळी द्या," आणि हाताला लागेल ती नळी पदरात पडते. घराची खिडकी गळली तर भिंत ओली होते. होडी खाडीच्या मुखाशी गळायला लागली तर पाणी उपसायला तरी वेळ मिळेल का, सांगता येत नाही.

माझं थोडं भात खाडीपलीकडच्या खारजमिनीत आहे, म्हणून एक लहान लाकडी होडी ठेवली आहे. काही वर्षांपूर्वी तिच्या तळाला मी बाथरूममध्ये वापरतात ते सिलिकॉन भरलं. आठवड्यात त्याची पट्टी शेवयांसारखी सुटून हातात आली. खरा त्रास पुढे झाला. सिलिकॉनचा अंश लाकडात राहतो आणि त्यावर रंग धरत नाही, दुसरं सीलंटही धरत नाही. शेवटी सांध्याच्या कडा रंध्याने तासून काढाव्या लागल्या. म्हणून सिलिकॉन केबिनच्या काचेपुरतं ठेवा. तळाला नकोच. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर धातूलाही गंज आणतं.

आधी होडी बघा, मग नळी

लाकूड पाण्यात फुगतं, उन्हात आकसतं. त्यामुळे लाकडी होडीचा सांधा सतत हलत असतो. जुने मेस्त्री सांध्यात कापूस ठोकून वर राळ आणि तेलाचा लेप देतात, त्यामागे हाच विचार आहे. कापूस दबतो, लेप थोडा मऊ राहतो, फळीला फुगायला जागा मिळते. अशा सांध्यात इपॉक्सी किंवा एम-सीलसारखी दोन भाग मळून लावायची लांबी भरली तर ती दगडासारखी घट्ट होते. फळी फुगली की जाणार कुठे? ती बाजूचे खिळे सैल करते किंवा लांबीच उखडते. भर समुद्रात भोक बुजवायला अशी लांबी जवळ असावी, पण किनाऱ्यावर आल्यावर ती काढून नीट काम करायचं.

लाकडी सांध्याला रबरासारखं लवचिक राहणारं सीलंट लागतं. पॉलिसल्फाइड यासाठी चांगलं. डिझेल-तेलालाही ते टिकतं, फक्त वाळायला वेळ घेतं. अॅक्रिलिकच्या खिडकीला मात्र लावू नका, ते प्लास्टिक खातं.

दुसरं पॉलियुरेथेन, म्हणजे दुकानातलं 'पीयू'. हे पाण्याखाली चालतं, लाकडाला आणि फायबरलाही धरतं. धरतं म्हणजे इतकं, की पुढे तो भाग सुटा करायचा असेल तर फायबरचा थर सोलून निघतो. म्हणून कायमच्या जोडालाच वापरा. उन्हात ते पिवळं पडून तडकतं, वरून रंग द्या.

एमएस पॉलिमर थोडं महाग. पण ऊन सोसतं, रंग घेतं, किंचित दमट जागीही चिकटतं. डेकवरच्या कड्या-खुंट्यांच्या बोल्टखाली मी तेच सुचवीन. पाण्याखाली लावायचं असेल तर नळीवर तसं लिहिलेलं आहे का ते वाचा.

फायबरच्या होडीला तडा गेला असेल तर सीलंट हा उपाय नाही. तडा घासून उघडा करायचा आणि काचेची मॅट व रेझिनचे थर द्यायचे. वरून नळी फिरवली तर तडा फक्त दिसेनासा होतो.

लावताना

जुना माल, शेवाळ, रंगाचे पापुद्रे खरवडून काढा. जागा गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग अॅसिटोनने पुसा. रॉकेल किंवा डिझेलने पुसायची आपल्याकडे सवय आहे. त्याचा तेलकट थर राहतो आणि वरचं काहीच धरत नाही. पीयू ओलं असताना स्पिरिटचं बोट फिरवून गुळगुळीत करू नका, ते नीट वाळत नाही. हातमोजे घाला, वारा खेळता ठेवा.

लाकडी सांधा काठोकाठ भरायचा नाही. फळी फुगली की माल बाहेर येतो, म्हणून किंचित खोल ठेवा.

पीयू हवेतल्या दमटपणावर वाळतं, साधारण दिवसाला २ ते ३ मिलिमीटर. वरून हाताला लागत नाही म्हणजे आतून झालं असं नाही. आठवडाभर तरी होडी पाण्यात ढकलू नका. नळीवरची मुदतही बघून घ्या. पत्र्याच्या दुकानात तापलेली नळी मुदतीआधीच आत घट्ट झालेली असते, घेताना दाबून बघा.

पंख्याच्या शाफ्टपाशी थेंब-थेंब पाणी येतंय म्हणून तिथे सीलंट भरणारेही आहेत. तसं करू नका. तिथे ग्रीस लावलेलं पॅकिंग असतं आणि शाफ्ट फिरताना त्यातून थोडे थेंब यायचेच. धार लागली तर नट थोडा आवळा, नाहीतर पॅकिंग बदला.